खडकी ते हिंजवडी, मूठभर चवळीसाठी

अण्णा गणपतीत चार दिवस माझ्या धाकट्या बहिणीकडे राहून आले आणि घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला म्हणाले, “कल्पीच्या चवळीच्या उसळीला तुझ्या आईची चव आहे.”

मी तेव्हा त्यांच्या ताटात भरलं वांगं वाढत होते. हात तसाच मागे घ्यावा असं वाटलं, पण बाप आहे, वय एक्क्याऐंशी, म्हणून वाढलं. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा माझ्या एकटीच्या हातचं जेवतात. सकाळी सातला चहा, साडेबाराला मऊ पोळी, चारला परत चहा, रात्री ताकातला भात. सहा वर्षांत ‘चांगलं झालंय’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. ‘घरात मीठ आहे का?’ हे मात्र पुष्कळदा ऐकलंय. आणि ही बाई वर्षातून चार दिवस बापाला घेऊन जाते, एक उसळ खायला घालते, आणि आईची चव तिच्या नावावर!

मला राग आला. राग कसला, सरळ जळले मी. छप्पन्नाव्या वर्षी सख्ख्या बहिणीवर जळणं शोभत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण पोटात जे होतं ते होतं. या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर रायगड चढलात, वेरूळ पाहिलंत, कोकणात गाडी बंद पडली तेव्हा माझ्या शिव्याही ऐकल्यात. ही सहल त्या सगळ्यांहून लहान. घरापासून पंधरा-सोळा किलोमीटर, खर्च शे-दोनशे रुपये, सामान म्हणजे एक पर्स. त्रास मात्र सगळ्यांत जास्त झाला. गेल्या भाद्रपदात केलेली सहल आत्ता वैशाखात लिहितेय, कारण ती संपायलाच एवढे दिवस लागले.

आधी चवळीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, चवळीसाठी कुणी भांडतं का.

आईचं माहेर मुळशीकडचं. तिथून तिने चवळीचं बी आणलं होतं. बारीक दाणा, दुधी नव्हे, किंचित लालसर, आणि डोळा काळा नसून तपकिरी. माझे यजमान खडकीच्या कारखान्यात आहेत, आमची क्वार्टर तळमजल्यावर. आई-अण्णा आमच्याकडे राहायला आले तेव्हा मागच्या नळाजवळ जी हातभर मातीची पट्टी आहे, ती आईने ताब्यात घेतली. तारेच्या कुंपणावर वेल चढवले. कोवळ्या पाल्याची भाजी, हिरव्या शेंगांची भाजी, ओल्या दाण्यांची आमटी, आणि वाळलेल्या दाण्यांची उसळ. एका वेलात बाईचा चार महिन्यांचा स्वयंपाक.

शेजारणी बी मागायला यायच्या. आईचा एक नियम होता: बी द्यायचं नाही आणि मागायचं नाही. मागून नेलेलं बी रुसतं, चोरून नेलेलं लागतं. म्हणून कुणी दारात येऊन नुसतीच उभी राहिली की आई बियाण्याचा डबा उघडून पायरीवर ठेवायची, पाठ फिरवायची आणि मोठमोठ्याने भलतंच काहीतरी बोलायला लागायची. मागे बाई मूठभर चोरायची. डबा बंद झाल्याचा आवाज आला की आई वळायची आणि म्हणायची, चहा घेणार का. अख्ख्या क्वार्टर्समध्ये आमच्याच चवळीचे वेल होते, आणि एकीनेही ती कधी मागून नेली नव्हती.

आई गेली. पुढच्या ज्येष्ठात मी पेरायला म्हणून तिचा डबा उघडला तर तो रिकामा. क्वार्टर्समधल्या जुन्या बायका रिटायर होऊन गावी गेल्या, त्यांचे वेलही गेले. मग दोन वर्षांनी कल्पीने घरच्या ग्रुपवर वेलाचा फोटो टाकला, खाली दोनच शब्द: ‘आईची चवळी’. म्हणजे आईने बी तिला दिलं होतं. शेवटच्या आजारपणात दोन वर्षं उशाशी मी होते, आणि बी हिला. मी त्या फोटोला अंगठा दाखवला आणि चार वर्षं मनात धुमसत राहिले.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे प्रवासावर येते.

पहिली स्वारी निघाली मंडईवर. माझा विचार असा, की चवळी ती चवळी. उत्तम माल आणायचा, आईच्याच पद्धतीने करायचा, आणि अण्णांच्या तोंडून वदवून घ्यायचं. खडकीहून आता मेट्रो थेट मंडईला जाते, गाडी न बदलता. पूर्वी याच प्रवासात माझा अर्धा जीव आणि अख्खी सकाळ जायची. तिकीट बेताचं, सरकते जिने लांबलचक, गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्ट शोधावी, ती दडवून ठेवलेली असते. वर आलं की समोर भाजी, फुलं, आणि गर्दी. सकाळी नऊच्या आत गेलात तर भाव करायला विक्रेत्यांना वेळ असतो. अकरानंतर ते तुमच्याकडे पाहतही नाहीत.

मंडईत हिरव्या शेंगा घेतल्या. विकणाऱ्या बाईंना विचारलं, गावरान आहेत का. हो म्हणाल्या. कुठल्या गावच्या, विचारलं. “या मंडईच्या,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मग मागच्या गल्लीतल्या एका जुन्या भुसार दुकानात गेले. तीन पोत्यांत तीन प्रकारची चवळी. मी प्रत्येक दाणा तळहातावर घेऊन उजेडात पाहत होते, तपकिरी डोळा शोधत होते. पाच मिनिटं मालक माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “बाई, चवळी चवळीसारखीच लागते. लग्न जमवताय का?” दोन प्रकारची अर्धा अर्धा किलो घेतली. बाहेर येऊन एक थंडगार पीयूष प्यायले, त्याची फार गरज होती.

घरी येऊन भिजवली. चार तास, जास्त नाही. कुकर नाही, पातेलंच. लसूण ठेचून, कांदा बारीक, सुकं खोबरं भाजून वाटलेलं, आपला घरचा मसाला, गुळाचा खडा. वर ताटात पाणी ठेवलं आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत घातलं. आई अशीच करायची, मी हजारदा पाहिलंय. अण्णांनी दोन घास खाल्ले. “मऊ शिजलीय,” म्हणाले. ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांना सांगते, हे नापासाचे मार्क आहेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोत्यातली केली. तिला तेही मिळाले नाहीत.

रात्री यजमान म्हणाले, एवढं आहे तर कल्पनाला फोन कर आणि बी माग. यांना काय जातंय बोलायला. मी मागायचं? आणि तेही तिच्याकडे? आमच्या आईची मुलगी आहे मी. ठरवलं, जायचं आणि चोरून आणायचं.

तर स्वारी दुसरी, हिंजवडी. पहिलाच सल्ला: कामाच्या दिवशी सकाळी जाऊ नका. मी बुधवारी गेले, कारण त्या दिवशी कल्पीच्या घरची सगळी माणसं बाहेर असतात आणि चोरीला साक्षीदार नको होते. खडकीहून औंधपर्यंत रिक्षा, तिथून हिंजवडीची बस. बस मिळायला वीस मिनिटं लागली. मग वाकडपर्यंत बरं गेलं आणि पुढे बस चालली कमी, थांबली जास्त. बाजूने कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या, त्यांच्या काचांआड डोकी मागे टाकून झोपलेली तरुण मुलं. सुटे पैसे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि बसायला मिळालं तर उठू नका, कुणी कितीही म्हातारं दिसलं तरी. मी उठले आणि पस्तावले.

माझ्या शेजारी उभी असलेली गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी फोनवर आईशी बोलत होती. “मम्मी, मेसमध्ये काल परत चवळी होती. नाही खाल्ली. मॅगी केली.” त्या मुलीकडे मी असं पाहिलं की तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

कल्पीचं सासर हिंजवडीच्या मूळ गावातलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्यासाठी रडले होते, खोटं कशाला बोलू. खडकीची मुलगी, शेणामातीत जाणार, भाताची लावणी करणार म्हणून. मी नोकरदार नवऱ्याची, मला क्वार्टर, नळ, दिवे. मग कंपन्या आल्या आणि भाताच्या खाचरांचं सोनं झालं. आता तिचं घर चार मजली. खालचे दोन स्वतःला, वरचे दोन कंपन्यांतल्या मुलामुलींना भाड्याने. घराला लिफ्ट आहे. घरात लिफ्ट! माझ्या क्वार्टरच्या बाथरूमच्या दाराला बारा वर्षं कडी नाही, तिथे दोरी आहे. स्वयंपाकघरात धूर ओढणारी चिमणी, भांडी घासायचं मशीन, आणि सगळे डबे एका मापाचे, चकचकीत स्टीलचे. हे सगळं मी दर वेळी पाहते आणि दर वेळी ‘छान आहे गं’ म्हणते. असं म्हणायलाही ताकद लागते.

कल्पी दारातच उभी होती. “ताई, आलीस? ये, बस. उन्हाचं कशापायी आलीस? गाडी पाठवली असती की.” खडकीच्या शाळेत निबंधात पहिली येणारी मुलगी, अठ्ठावीस वर्षांत ‘आहे’चं ‘हाय’ झालं. आणि हे ती इतकं सहज बोलते की टोमणा मारायलाही जागा ठेवत नाही.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, चल, वावरात जाऊ. वावर म्हणजे दोन गुंठे. सगळं विकून झाल्यावर एवढा तुकडा हट्टाने ठेवलेला. एका बाजूला कुठल्याशा कंपनीची उंच भिंत, दुसरीकडे अर्धवट बांधलेली इमारत, समोर रस्ता आणि त्यावर मेट्रोचा पूल. आणि मधोमध आमच्या आईची चवळी. कंपनीच्या भिंतीवरच्या तारेपर्यंत वेल चढले होते. जांभळट फुलं, हिरव्या शेंगा, आणि खाली पिवळ्या पडून खुळखुळणाऱ्या वाळल्या शेंगा. मी एक शेंग सोलली. बारीक, लालसर, तपकिरी डोळा. सहा वर्षांनी हातात आला होता तो दाणा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी म्हटलं की इथे धूळ फार आहे. कल्पी हो म्हणाली.

उसळ तिने माझ्यासमोर केली. मी तिच्या हातांवरून नजर हलवली नाही. काहीतरी वेगळं करत असेल, मसाला वेगळा, तेल वेगळं, काहीतरी. चवळी सकाळीच भिजवलेली होती. मग पातेलं. ठेचलेला लसूण, बारीक कांदा, भाजलेलं खोबरं, गुळाचा खडा, वर पाण्याचं ताट. एकही गोष्ट वेगळी नाही. गूळसुद्धा माझ्याएवढाच. मला उलट जास्त राग आला, कारण युक्ती असती तर ती शिकून घेता आली असती.

जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा. रस्सा आपोआप दाट आलेला, दाणा अख्खा पण जिभेवर विरघळणारा, आणि मागे एक गोडसर मातकट चव राहते ती. आई नळाजवळच्या पट्टीतून हात धुऊन आत यायची आणि पातेल्यावरचं ताट उचलायची, तेव्हा येणारा तोच वास. अण्णा खोटं बोलले नव्हते. तीन भाकऱ्या खाल्ल्या मी. शत्रूच्या घरी एवढं जेवू नये.

पोट भरल्यावर तोंड सुटलं. म्हटलं, “आईने बी तुलाच दिलं. मला एक दाणा ठेवला नाही.”

कल्पी ताटं गोळा करत होती. थांबली. “आईने मला काही दिलं नाही, ताई,” एवढंच म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली.

बघा, मी मनात म्हटलं, श्रीमंत माणसं खोटंही कसं शांतपणे बोलतात.

थोड्या वेळाने ती मागच्या दारात गेली. तिथल्या पायरीवर तिने एक जुना पत्र्याचा डबा आणून ठेवला, झाकण काढलं, आणि माझ्याकडे पाठ करून अंगणातलं गवत उपटत बसली. लाइट बिलाबद्दल काहीतरी मोठमोठ्याने बोलत होती. मी डब्यात डोकावले. राख. म्हटलं, कमाल आहे, घरात भांडी घासायचं मशीन आणि दारात राखेचा डबा, सवयी काही जात नाहीत. तिची पाठ आहे तोवर मी स्वयंपाकघरात शिरले. चकचकीत डब्यांतला तिसरा डबा चवळीचा, तो सकाळीच हेरून ठेवला होता. झाकण उघडल्याबरोबर खमंग वास आला. घरच्या मालाचा वासच न्यारा, असं म्हणत मी दोन मुठी रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये टाकल्या. कसं सांगू, फार मजा आली.

निघताना तिने माझ्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या डब्याकडे पाहिलं. गाडीने सोडते म्हणाली, मी नको म्हटलं. परतीच्या बसला दीड तास लागला आणि मला तो अर्ध्या तासाएवढाही वाटला नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी नळाजवळची पट्टी खणली. शेणखत घातलं, ओळीत दाणे टोचले, आणि वेलांना चढायला काठ्याही आधीच रोवून ठेवल्या, इतका विश्वास. चार दिवसांनी काही नाही. आठ दिवसांनी काही नाही. बाराव्या दिवशी बोटाने माती उकरली तर दाणे फुगून, काळे पडून, कुजलेले. एकालाही मोड नाही. यजमान म्हणाले, माती बदल. अण्णा खिडकीतून म्हणाले, तुझ्या आईचा हात होता तो. मी त्या दोघांशी दोन दिवस बोलले नाही. कल्पीला विचारायची सोय नव्हती, विचारलं की चोरी कबूल.

दिवाळीत पाडव्याला कल्पी अण्णांना ओवाळायला आली. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि हात धुवायला म्हणून ती मागच्या नळावर गेली. मीही मागोमाग गेले. पट्टी उजाड आणि तिच्यात ओळीने दहा काठ्या उभ्या.

“काय पेरलं होतंस इथं?”

“मेथी,” मी म्हटलं.

“मेथीला काठ्या लावल्यास?”

मी एक काठी उपटायला लागले.

“स्टीलच्या डब्यातली नेलीस ना, ताई? ती भाजलेली हाय. भुंगा लागू नये म्हणून खायची सगळी मी भाजूनच ठेवते. आलीस तेव्हाच ओळखलं होतं तू कशापायी आलीस ते. म्हणून तर बियाण्याचा डबा मी मागच्या पायरीवर उघडा ठेवला होता. तू बघितलासुद्धा.”

“तो राखेचा?”

“आई बी कशात ठेवायची?”

राखेत. चुलीची राख चाळून, तिच्यात बी घोळवून. मला ठाऊक होतं. लहानपणी चाळणी मीच धरायचे. मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले, कारण त्याबरोबर दुसरंही आठवायला लागलं होतं. आईच्या तेराव्याचा दिवस. माणसं ठरली त्याच्या दुप्पट आली. उसळीला चवळी कमी पडली, तेव्हा मी पलंगाखालचा डबा ओढला. त्यात राखेतली चवळी होती. ती मी चार पाण्यांनी धुतली आणि शिजायला टाकली. अख्खा डबा. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली होती. मग ज्येष्ठात तो डबा मला रिकामा सापडला आणि मी आईला दोष दिला.

कल्पी म्हणाली, “तू धूत होतीस तेव्हा मोरीतून राख वाहताना मला दिसली. मी धावत आले तोवर बहुतेक सगळी पातेल्यात गेलेली. चाळणीत तळाला राहिली होती ती मूठभर उचलून मी पदराला बांधली.”

“मग तेव्हाच सांगायचं नाही का?”

“तू रडत होतीस आणि रडत रडत सत्तर माणसांचं रांधत होतीस. तुला कुठं सांगू? आणि नंतर सांगितलं असतं तर अण्णांच्या कानावर गेलं असतं. आईचं बी तू शिजवलंस, हे त्यांनी तुला रोज जेवताना ऐकवलं असतं. मी काय, चार दिवसांची. त्यांच्याजवळ राहायचं तुला होतं.”

सहा वर्षं ही बाई माझी चूक पदरात बांधून गप्प बसली होती, आणि त्यातली चार वर्षं मी तिच्या नावाने बोटं मोडत होते. चांगलं वाटायला हवं होतं. खरं सांगू का, त्या क्षणीसुद्धा आधी जळलेच मी. लिफ्ट हिच्याकडे, चिमणी हिच्याकडे, आणि मोठं मनही हिच्याचकडे. थोरली मी आहे, निदान तेवढं तरी माझ्याकडे यायला हवं होतं. रडू त्यानंतर आलं, आणि मग ते बराच वेळ थांबलं नाही. कल्पीने माझ्या तोंडावर नळाचं पाणी मारलं, लहानपणी मी तिच्या मारायचे तसं.

मग तिने पिशवीतून तोच पत्र्याचा डबा काढला. पायरीवर ठेवला, झाकण काढलं, माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीतून अण्णांना मोठ्याने विचारायला लागली की गोळ्या वेळेवर घेता का, पायाची सूज उतरली का, थंडीत स्वेटर घालता का. अण्णा आतून म्हणाले, ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे. मी राखेत हात घातला. गार, मऊ राख, आणि बोटांना लागणारे दाणे. एक मूठ घेतली. मग आणखी एक घेतली, चोरीच करायची तर कमी कशाला. झाकण लावल्याचा आवाज झाला तशी कल्पी वळली आणि म्हणाली, “चहा ठेवतेस का?”

थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत, पेरली. पाचव्या दिवशी माती उचलून कोंब वर आले. पुढचं सगळं इथे सांगत बसत नाही. माव्याची कीड पडली, मांजरीने एक ओळ लोळून झोपवली, उन्हात दोन वेळा पाणी द्यावं लागलं. ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी एवढंच: खायचा डबा आणि बियाण्याचा डबा वेगळा ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. शक्य झालं तर बी चोरूनच आणा. हिंजवडीला जायचं तर रविवारी जा. मंडईचा मेट्रोप्रवास मात्र कुठल्याही दिवशी करण्यासारखा आहे.

या सहलीतून घरी काय आलं, असा हिशेब मी दर वेळी मांडते. या वेळी दोन मुठी चवळी आली. बाकी माझा स्वभाव काही बदललेला नाही. गेल्या आठवड्यात कल्पीच्या घरावर सोलर बसल्याचा फोटो आला आणि मला जेवण गेलं नाही. पण फोटोला अंगठा दाखवायच्या ऐवजी मी फोन केला आणि तिला स्पष्ट सांगितलं की मी जळतेय. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, तुझी क्वार्टर तळमजल्याला हाय, नळापाशी माती हाय, अण्णा रोज समोर बसून जेवतात, मी काय कमी जळते होय.

परवा पहिल्या वाळल्या शेंगा उतरवल्या. अर्ध्या बियाण्याला, राखेत. अर्ध्या भिजवल्या. चार तास, पातेलं, लसूण, कांदा, खोबरं, गुळाचा खडा, वर पाण्याचं ताट. साडेबाराला अण्णांना वाढलं आणि मी पोळ्या लाटायच्या निमित्ताने पाठ करून उभी राहिले. मागून वाटी खरवडल्याचा आवाज आला.

“ही कल्पीने पाठवली का?” अण्णांनी विचारलं.

लाटणं हातात तसंच राहिलं. पेरली मी, पाणी घातलं मी, रांधली मी. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मग तेरावा आठवला, आणि तिच्या पदराची गाठ.

“हो,” मी म्हटलं, “तिचीच.”

अण्णांनी वाटी पुढे केली, आणि मी परत वाढलं.